मोकळी सोडलेली सम: क्युबन सोन आणि सालसाची लय समजून घेताना

लहानपणी चार-पाच वर्षं तबला शिकलेला माणूस सालसाच्या वर्गात गेला, की त्याला वाटतं, इतर काहीही अडेल पण लय अडणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. गाणं सुरू झालं, मी सवयीने खर्जातला, बेस या मोठ्या तंतुवाद्याचा आवाज शोधला, म्हणजे आपल्याकडे डग्गा जिथे घुमतो तसला, आणि त्यावर ‘एक’ धरून पाऊल टाकलं. प्रत्येक आवर्तनात मी बाकीच्यांच्या नेमकी एक मात्रा आधी पोचत होते. शिकवणाऱ्या बाईंनी दोन-तीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, “तू चारला एक म्हणते आहेस. बेसच्या मागे जाऊ नकोस, तो एकवर येतच नाही.”

क्युबन लयीचं मर्म त्या वाक्यात होतं, पण ते मला नीट कळायला बरेच महिने लागले. नवशिक्यांना हा नाच अवघड वाटतो तो पावलांमुळे नाही. पावलं तीनच आहेत. अवघड जातं ते हे, की जिथे आपण आधार शोधतो ती जागा या संगीताने जाणूनबुजून मोकळी ठेवलेली असते.

आधी हिशेब मांडून घेऊ. नाचणारे आठ मात्रा मोजतात, चार-चारचे दोन खंड. आपल्या केरव्याच्याही आठच मात्रा, त्यामुळे लांबी ओळखीची वाटते. गती साधारण मिनिटाला १५० ते २२० मात्रा. सालसाचा पूर्वज असलेला सोन बहुतेकदा त्याहून संथ चालतो. आठांपैकी सहा मात्रांवर पाऊल पडतं आणि दोन मात्रा पाऊल न टाकता जातात. कुठल्या दोन, यावरच नाचाचा स्वभाव ठरतो. एक-दोन-तीनवर पावलं, चार मोकळी, पाच-सहा-सातवर पावलं, आठ मोकळी, असं नाचलं तर क्युबात त्याला ‘आ तिएम्पो’ म्हणतात. एक मोकळी, दोन-तीन-चारवर पावलं, पाच मोकळी, सहा-सात-आठवर पावलं, असं नाचलं तर ‘कोंत्रातिएम्पो’. सोन कोंत्रातिएम्पोवर नाचतात. ज्याला जगभर क्युबन सालसा म्हटलं जातं आणि क्युबात ‘कासिनो’ म्हणतात, तो आज बहुतेक ठिकाणी आ तिएम्पो शिकवला जातो, पण तोही कोंत्रातिएम्पोवर नाचता येतो आणि जाणकार नाचतातच.

इथे नावांचा गुंता थोडा सोडवायला हवा. सोन हा क्युबाच्या पूर्व भागातला, सान्तियागो आणि ग्वान्तानामोच्या डोंगराळ टापूतला. स्पेनहून आलेली तंतुवाद्यं आणि पदरचना, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची, विशेषतः काँगोकडच्या बांटू लोकांची, तालबुद्धी यांच्या मिलाफातून तो एकोणिसाव्या शतकात आकाराला आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हवानात पोचला. सेक्सतेतो आबानेरो हा सहा जणांचा संच १९२०चा, आणि इग्नासिओ पिन्येइरो यांचा सेप्तेतो नासिओनाल १९२७चा; सेप्तेतो म्हणजे सात जणांचा संच, आणि अशा संचांबरोबर सोनमध्ये ट्रम्पेट रुजला. १९४०च्या दशकात आर्सेनियो रोद्रिगेस या, त्रेस नावाची छोटी गिटार वाजवणाऱ्या अंध वादकाने त्यात कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल), पियानो आणि आणखी ट्रम्पेट घालून आवाज भारदस्त केला. कासिनो हे नाव हवानातल्या ‘कासिनो देपोर्तिवो’ या क्लबवरून पडलं, १९५०च्या दशकात. ‘सालसा’ हा शब्द त्यानंतरचा. तो न्यूयॉर्कमध्ये, १९६४ साली स्थापन झालेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीच्या आसपास, १९७०च्या दशकात सर्वतोमुखी झाला. म्हणजे आजी सोन, आई कासिनो, आणि सालसा हे नंतर सगळ्या घराण्याला मिळालेलं बाजारातलं नाव.

आता क्लावे. क्लावे म्हणजे कठीण लाकडाच्या दोन गोल दांड्या. एक दांडी ओंजळीसारख्या वाकवलेल्या हातावर सैल टेकवायची, म्हणजे तळव्याची पोकळी आवाज घुमवते, आणि दुसरीने तिच्यावर वाजवायचं. वाद्याला क्लावे म्हणतात आणि त्यावर वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या ठेक्यालाही क्लावेच म्हणतात. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा एक अर्थ ‘गुरुकिल्ली’ असाही होतो, आणि सगळे वादक खरोखरच या किल्लीला धरून वाजवतात, मग ती प्रत्यक्ष वाजत असो वा नसो.

हे पाच ठोके समजावताना पाश्चात्त्य पद्धतीचं ‘अडीचवर, मग चारवर’ वगैरे सांगितलं की भल्याभल्यांची मान हलायची थांबते. आपल्याकडे याहून सरळ वाट आहे. आठ मात्रांची दुगुन करा, सोळा होतील. हे सोळा आपण तीनतालात चार-चार-चार-चार असे वाटतो. क्लावे तेच सोळा ३+३+४+२+४ असे वाटते. म्हणून पाहा:

तकिट तकिट तकधिमि तक तकधिमि

हे एका दमात, एकसारख्या वेगाने म्हणत राहा आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. पाच टाळ्या पडतील. हाच सोनचा क्लावे. पहिल्या खंडात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन, म्हणून याला तीन-दोन म्हणतात. गाणं दुसऱ्या खंडापासून सुरू झालं असेल तर दोन-तीन. ठेका तोच, दार दुसरं. एकदा गाणं सुरू झालं की क्लावे थांबत नाही, उलटतही नाही. गाण्यालाच एखादी ओळ कमी-जास्त करून तिच्यावर बसावं लागतं, जसा गवय्या फिरून ठेक्यावर येतो, ठेका गवय्याच्या मागे जात नाही.

टाळ्या जमल्या की पायाने आठ मात्रांचा सरळ ठोका धरा, म्हणजे दर दोन अक्षरांना एक. हे करताना पहिल्यांदा हातपाय एकमेकांत अडकतात. अडकू द्या. तीन टाळ्यांचा खंड पायापासून सुटून पुढे धावतो: पहिली टाळी पायाबरोबर पडते, दुसरी दोन पावलांच्या मधोमध, तिसरी चौथ्या पावलावर. मग पुढे, पाचवर, काहीच नाही. दोन टाळ्यांचा खंड त्याउलट जमिनीला धरून चालतो, सहावर एक आणि सातवर एक. एक खंड ताणतो, दुसरा सोडवतो. कानाला हे चढ-उतार सापडले की मोजायची गरज बरीच कमी होते, कारण आवर्तनाच्या कुठल्या अर्ध्यात आपण आहोत हे आपोआप कळतं.

आता मी ज्यावर घसरले होते तो बेस. त्याच्या चालीला ‘तुंबाओ’ म्हणतात. तो प्रत्येक खंडात दोनदा वाजतो: एकदा दोन आणि तीनच्या मध्ये, एकदा चारवर. क्लावेची दुसरी आणि तिसरी टाळी आठवा, त्याच या जागा. वादक पहिलीला ‘बोंबो’ आणि दुसरीला ‘पोंचे’ म्हणतात. आणि गंमत पुढे आहे: चारवर छेडलेला सूर तसाच लांबतो, पुढच्या खंडाची एक येते आणि त्या सुराखालून निघून जाते. बहुतेकदा पुढच्या खंडाचा सूर-मेळसुद्धा चारवरच आधी लागलेला असतो. आपल्या कानाला घडवलेली सवय अशी, की सम म्हणजे ‘धा’, डग्ग्याचं वजन, तिथे सगळे भेटणार. इथे खर्ज एक मात्रा आधी येऊन बसतो आणि ठरलेल्या जागी फक्त त्याची आस, म्हणजे लांबत जाणारा घुमारा, उरते.

आपल्या तालांत याच्या जवळचं काही शोधायचं तर मला रूपक आठवतो. तीं तीं ना धी ना धी ना. सात मात्रांच्या या तालात सम आणि खाली एकाच जागी आहेत. पहिल्याच मात्रेवर डग्गा गप्प असतो. तरी रूपकात सम कुठे आहे याबद्दल गाणाऱ्याच्या मनात शंका नसते. जागा रिकामी आहे म्हणून ती हरवलेली नाही. सोनची ‘एक’ माझ्यासाठी उलगडली ती रूपकाची आठवण आल्यावर. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही आणि साम्य याच्यापलीकडे फार ताणण्यात अर्थ नाही, पण तबला किंवा गाणं शिकलेल्या मराठी माणसाने या दारातून आत जावं असं मी मनापासून सुचवेन.

आणि मग कोंत्रातिएम्पो का, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. कोंगाकडे लक्ष द्या. त्याच्या साध्या ठेक्यात दोन गोष्टी कानात भरतात: दोनवर एक कोरडी, चटकन तोडलेली थाप, आणि खंडाच्या शेवटी, चारवर आणि चारच्या पुढच्या अर्ध्या मात्रेवर, दोन घुमणारे उघडे बोल. सोन नाचणाऱ्याचं पहिलं पाऊल दोनवर, म्हणजे त्या थापेवर. शेवटचं पाऊल चारवर, म्हणजे कोंगाच्या उघड्या बोलावर आणि बेसच्या सुरावर एकदमच. मग बेस लांबतो, आणि तो लांबत असताना नाचणाराही थांबतो. एक निघून जाते. दोनवर थाप पडते, पाऊल उचलतं. पाय, कोंगा आणि बेस एकच वाक्य बोलत असतात. जुन्या सोनच्या संचात कोंगा नव्हता, बोंगो, म्हणजे छोट्या ढोलांची जोडी, होता, पण बेसची ती आस आणि क्लावे तिथेही आहेत, तेव्हा हिशेब बदलत नाही.

आ तिएम्पो नाचताना नातं वेगळं होतं. पाऊल एकवर पडतं, जिथे बेस नाही. आणि बेस चारवर येतो तेव्हा पाऊल थांबलेलं असतं. नाचणारा आणि बेस आळीपाळीने बोलतात, सवाल-जवाबासारखे. त्यामुळे कासिनोला एक पुढे झेपावणारा जोर येतो. यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दोन्ही संगीताच्या आतच आहेत. मात्र संथ सोन लागलेला असताना एकवर धडाधड पावलं टाकणारी जोडी पाहिली की मला वाईट वाटतं. गाणं त्यांना थांबायला जागा देत असतं आणि ती नेमकी तिथेच चालत असतात.

‘थांबणे’ हा शब्द मी सैलपणे वापरला, तो दुरुस्त करते, कारण वर्गांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान याच शब्दाने होतं. मोकळ्या मात्रेवर शरीर थांबत नाही. पाऊल टाकणं म्हणजे पाय टेकवणं नव्हे, पायावर पूर्ण वजन देणं. चारवर पाय टेकतो, गुडघा किंचित दुमडलेला असतो. वजन त्या पायावर उतरत जातं, गुडघा सरळ होतो, कंबर त्या बाजूला बसते. हे सगळं एकवर चाललेलं असतं. म्हणून चांगला सोन नाचणारा पाहिला तर तो अडखळत पुढे जाताना दिसत नाही, एखादी जड वस्तू न ढकलता सरकावी तसा सरकतो. नवशिका मात्र मोकळ्या मात्रेवर पुतळा होतो आणि मग पुढच्या पावलाला उशीर झाला म्हणून धावतो. उशीर झालेला नसतोच. वजन उतरायला वेळ दिला नाही, एवढंच. घरी आरशासमोर, गाणं न लावता, फक्त तीन पावलं आणि एक वजन उतरणं असं दहा मिनिटं केलं तर त्याचा उपयोग पन्नास नवे फेरे शिकण्यापेक्षा जास्त होतो.

मग ‘एक’ सापडायची कशी? वाद्यं एकेक करून ऐकणं हाच उपाय. माराकास, म्हणजे आतले दाणे वाजणारे दोन खुळखुळे, सगळ्या अर्ध्या मात्रा एकसारख्या भरत राहतात. त्यांच्याकडून गती घ्यावी, जागा मिळणार नाही. ग्वीरो हा खाचा पाडलेला वाळका भोपळा, काडीने घासून वाजवायचा. त्याचा लांब घासा एकवर आणि तीनवर येतो, आखूड घासे दोन आणि चारच्या आसपास. लांब, आखूड-आखूड, लांब, आखूड-आखूड. ज्या गाण्यात ग्वीरो स्पष्ट आहे तिथे नवशिक्याने त्यालाच धरावं, इतका तो भरवशाचा आहे. त्रेसवर, म्हणजे तारांच्या तीन जोड्या असलेल्या छोट्या गिटारीवर, वाजणारी फिरती चाल सुरुवातीला चकवते, कारण ती अर्ध्या मात्रांवरच जास्त नाचते. ती नंतर ऐका. ट्रम्पेटच्या मागे तर मुळीच जाऊ नका.

गाण्याची रचनाही मदत करते. सोनचा पहिला भाग संथ, कथा सांगणारा, त्यात गायक पदं गातो. बोंगो वाजवणारा या भागात ‘मार्तियो’ म्हणजे हातोडीसारखा बारीक, सलग ठेका वाजवत असतो. मग ‘मोंतुनो’ येतो. समूह एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि मुख्य गायक तिला दर वेळी नवं, बरेचदा जागेवर रचलेलं उत्तर देतो. कीर्तनात बुवा आणि मागचे टाळकरी ऐकलेल्या माणसाला ही रीत नवी नाही. या वळणावर बोंगोवाला बोंगो बाजूला ठेवतो आणि ‘काम्पाना’ उचलतो, गायीच्या गळ्यातल्या घंटेसारखी पण आत लोळी नसलेली धातूची घंटा, काठीने वाजवायची. तिचा मोठा, खुला ठोका एकवर आणि तीनवर पडतो. जी सम इतका वेळ मोकळी होती तिच्यावर पहिल्यांदाच कुणीतरी ठळकपणे बोट ठेवतं. म्हणूनच मोंतुनो सुरू झाला की नाचाच्या जागेत अचानक उत्साह संचारतो, जवळ धरून नाचणाऱ्या जोड्या मोकळ्या होतात, फेरे वाढतात. तुम्हाला सुरुवातीपासून एक सापडली नसेल तर घाबरू नका. काम्पानाची वाट पाहा.

एक आणि पाच यांतला फरक मात्र घंटा सांगत नाही, ग्वीरोही नाही. दोन्ही खंड त्यांना सारखेच. तो क्लावेकडून किंवा गायकाच्या ओळीवरून कळतो. ओळ बहुधा आठांच्या हिशेबाने सुरू होते. जोडीने नाचताना हा फरक नाही कळला तरी चालून जातं. खुद्द क्युबात अनेक जण एक-दोन-तीन असं मोजतच नाहीत. घरच्या समारंभात मोठ्यांच्या पायांत लुडबुडत शिकलेल्या मुलाला आकडे लागत नाहीत. पण त्यावरून “मोजू नका, फक्त अनुभवा” असं मोठ्या वयात शिकणाऱ्याला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या कानावर हे संगीत पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा पडलं, त्याला मोजू द्यावं. आपणही ‘धा धिं धिं धा’ हातावर मोजूनच शिकतो, आणि मोजणं कधी गळून पडलं ते कुणाला आठवत नाही.

फरक कळावाच लागतो तो रुएदामध्ये. रुएदा म्हणजे जोड्यांचा फेर. एक जण पुकारा करतो, आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी तीच हालचाल करून जोडीदार बदलतात. ‘दामे’ म्हटलं की पुढची जोडीदारीण घ्यायची, ‘एन्चुफ्ला’ म्हटलं की जागांची अदलाबदल करून पुढे सरकायचं. पुकारा आवर्तन संपायच्या आत यावा लागतो, म्हणजे पुढच्या एकवर सगळे निघतात. एखाद्याने पाचला एक धरलं, तर तो अर्धं आवर्तन उशिरा किंवा लवकर पोचतो, त्याच्या हाताला कुणी लागत नाही, आणि पुढच्या दोन क्षणांत सगळा फेर गुंततो. माझी लय सुधारली ती आरशासमोर कमी आणि रुएदात जास्त, कारण तिथे आपली चूक आपल्या आधी शेजाऱ्याच्या हाताला कळते.

हे सगळं अंगवळणी पडत आलं की एका गाण्यात दोन्ही तऱ्हा नाचून पाहाव्यात. पहिला संथ भाग कोंत्रातिएम्पोवर नाचा. काम्पाना वाजली की आ तिएम्पोवर या: सहा-सात-आठ झाल्यावर जी एक मोकळी सोडायची ती न सोडता लगेच पाऊल टाका, म्हणजे सहा-सात-आठ-एक-दोन-तीन अशी सहा पावलं सलग पडतील. घंटा नुकतीच सुरू झालेली असते, त्यामुळे ही धाव गाण्यातूनच आल्यासारखी वाटते. परत जायचं असेल तर उलट करा: पाच-सहा-सात, मग आठ मोकळी, पुढची एकही मोकळी, आणि दोनवर कोंगाच्या थापेबरोबर निघा. ही दोन मात्रांची सलग मोकळीक पहिल्या काही वेळा फार लांब वाटते. जोडीदाराला खूण म्हणून हाताची पकड किंचित घट्ट करा, गुडघे सैल ठेवा, वजन खाली उतरू द्या. तेवढ्यात बेसचा तो लांबलेला सूर ऐकू येईल.